पणजोबांची नावं आणि दुप्पट पोस्टेज

वंशावळीचा नाद असलेल्या सगळ्यांसाठी हे लिहितेय आणि थोडं लांबलंय, कारण "त्रैमासिक अडचणीत आहे, मदत करा" एवढा छोटा निरोप मी आधी ओळखीच्या लोकांना पाठवून बघितला तर बऱ्याच जणांना नेमकं अडलंय काय तेच कळलं नाही. कोणी विचारलं छपाई महागली का, कोणी म्हणालं काका आजारी आहेत का. छपाई होतेय, काकाही ठणठणीत आहेत. अडलंय ते टपालात.

ज्यांना हा अंक माहीत नाही त्यांच्यासाठी आधी सांगते. आमच्याकडे वंशावळी जुळवणाऱ्या लोकांचं एक त्रैमासिक निघतं, मोठ्या आकाराची ३२ पानं, साधा कागद, आत शेवटच्या पानावर "खाजगी वितरणासाठी" असं छापलेलं. कुठल्या एका आडनावाचं नाही, कुठल्या एका ज्ञातीचं नाही, आणि माझ्या मते तीच त्याची मोठी गोष्ट आहे. चालवणारे काका निवृत्त शिक्षक, वय ऐंशीच्या पुढे, पाकिटांवर पत्ते चिकटवायचं काम काकू करतात आणि कुठला वर्गणीदार गेला, कोणाच्या सुनेने नवीन पत्ता कळवला हे सगळं काकूंच्या तोंडपाठ असतं. अंकात एखादा लेख असतो, मोडी कागदाचं वाचन असतं, पण लोक सगळ्यात आधी उघडतात ते मागचं "शोध" हे सदर. त्यात इंदूरचं एखादं कुटुंब विचारतं की आमचे पूर्वज होळकरांच्या चाकरीत आले एवढंच माहीत आहे, मूळ गाव सातारा भागात, त्या आडनावाचं कोणी तिकडे आहे का. तंजावरहून कोणी लिहितं की घरात मराठी बोलतो, कुलदैवत माहीत आहे, पण महाराष्ट्रातली शाखा माहीत नाही. मॉरिशसमधून एक जण नोंदीची प्रत पाठवतो. तिथे मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मजूर म्हणून गेलेल्या लोकांची जुनी रजिस्टरं जपून ठेवलेली आहेत, माणसाचं नाव, जहाज, गाव सगळं लिहिलेलं, पण गावाचं नाव लिहिणाऱ्याला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं, ते रत्नागिरी जिल्ह्यातलं कुठलं गाव हे तिकडे बसून कसं कळणार? ते कळतं खेडजवळच्या कुठल्यातरी वाडीत राहणाऱ्या एका आजोबांना, कारण ते नाव ते लहानपणापासून तसंच उच्चारत आलेत.

आणि ते आजोबा ऑनलाइन नाहीयेत. इथेच सगळी गोम आहे.

तुमच्यातले जे गेली काही वर्षं हे करतायत त्यांना माहीतच आहे की आपल्याकडे कागद एका मर्यादेपर्यंतच नेतो. घरात आजेसासऱ्यांची श्राद्धतिथी पक्की माहीत असते, भाद्रपद वद्य पंचमी म्हणून दरवर्षी पान वाढलं जातं, पण साल कोणालाच माहीत नसतं, कारण श्राद्धाला सालाची गरज नसते. मग साल शोधायचं तर आठवणींच्या आधाराने, "प्लेगात गाव सोडून माळावर झोपड्या बांधल्या त्या वर्षी गेले" असं एखादी म्हातारी बाई सांगते तेव्हा आपण म्हणतो की १८९७ च्या आसपास असेल, "इन्फ्लुएन्झाची साथ" म्हटलं की १९१८. दुसरी अडचण नावांची. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत, त्यामुळे रामचंद्र गोविंद, गोविंद रामचंद्र, परत रामचंद्र गोविंद अशी माळ दोनशे वर्षं चालते आणि त्यात सख्खा भाऊ, चुलत भाऊ सगळ्यांनी आपापल्या मुलाला तेच आजोबांचं नाव ठेवलेलं, म्हणजे एकाच वेळी एकाच गावात चार गोविंद रामचंद्र. त्यात मधेच एखादा दत्तक गेलेला असतो आणि त्याचं बापाचं नावच बदललेलं असतं. सनद बघून यातला कुठला गोविंद कोण हे सुटत नाही. "हा गोविंद लंगडत चालायचा, त्याची बायको आमच्या आजीची मावसबहीण" असं सांगणारं कोणीतरी लागतं.

बायकांचं तर विचारूच नका. जुन्या कुलवृत्तांतांतून, म्हणजे घराण्यांच्या छापील इतिहासांतून, मुलींची नावं कितीदा नुसती "एक कन्या" म्हणून उरकलेली दिसतात, सुनेचं माहेर लिहिलं तर लिहिलं. ती माहेरं भरून काढायचं काम या त्रैमासिकाने मनापासून केलंय. प्रत्येक अंकात एक घडीचा फॉर्म असतो, आई, आजी, पणजी, त्यांची माहेरची नावं, माहेरचं गाव, किती भावंडं. आणि हा फॉर्म भरून परत पाठवणाऱ्यांत सगळ्यात जास्त आज्या असतात. पेन्सिलीने, थरथरत्या अक्षरात, समासात बाण काढून लिहिलेलं, "ही बाई बाळंतपणात गेली, दुसरीही तिच्याच घरातली केली". मी काकांकडे त्या फॉर्मचे गठ्ठे बघितलेत आणि मला खरंच वाटतं की महाराष्ट्राच्या इतिहासाचं एवढं मोठं साधन असं शबनम पिशव्यांमध्ये भरून एका दोन खोल्यांच्या घरात माळ्यावर पडलंय हे कोणालातरी कळायला पाहिजे.

आता टपालातल्या दंडाचं सांगते.

हा अंक वर्षानुवर्षं बुकपोस्टने जायचा. बुकपोस्ट म्हणजे काय ते लग्नपत्रिका पोस्टाने पाठवलेल्या पिढीला माहीत आहे, पाकीट चिकटवायचं नाही, तोंड उघडं ठेवायचं, आत फक्त छापील मजकूर, पत्र घालायचं नाही. त्या बदल्यात दर कमी. काही वर्षांपूर्वीचा दर सांगते म्हणजे हिशोब लक्षात येईल, पहिल्या ५० ग्रॅमला ४ रुपये आणि पुढच्या दर ५० ग्रॅमला ३ रुपये. आमचा अंक, फॉर्म आणि पाकीट मिळून साधारण ९० ग्रॅम, म्हणजे ७ रुपये. तेच पाकीट "पत्र" धरलं तर दर २० ग्रॅमला ५ रुपये, म्हणजे २५.

तर झालं असं की काका ज्यांचा फॉर्म अर्धवट आला असेल त्यांच्या अंकात त्यांच्याच फॉर्मची प्रत घालायचे आणि त्यावर लाल शाईने लिहायचे, "तुमच्या आजोबांचे थोरले बंधू दत्तक गेले ते घराणे कोणते, कृपया विचारून कळवा." काही पाकिटांत एक ओळ, काही पाकिटांत अर्धं पान. त्यांच्या दृष्टीने तो संपादनाचा भाग होता. टपालाच्या नियमाच्या दृष्टीने ते पत्र झालं, एका माणसाला उद्देशून लिहिलेला मजकूर. एका अंकाच्या वेळी गठ्ठा तपासला गेला आणि लाल शाई असलेली सगळी पाकिटं पत्राच्या दराला लागली. म्हणजे १८ रुपये कमी, आणि कमी पडलेल्या पोस्टेजच्या दुप्पट वसूल करायचं हा नियम, म्हणजे पाकिटामागे ३६ रुपये, तेही घेणाऱ्याकडून. काउंटरवरच्या मॅडम काकांना शांतपणे म्हणाल्या, "सर, हे छापलेलं असतं तर मी सोडलं असतं, पण तुम्ही यात प्रश्न विचारलाय, उत्तर मागताय, मग हे पत्र नाही तर काय?" त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. नियम तसाच आहे आणि तो बऱ्यापैकी रास्त आहे, नाहीतर जो तो बुकपोस्टात पत्रं कोंबेल.

पण परिणाम बघा. ती पाकिटं ज्यांच्याकडे गेली ते कोण? ज्यांच्याकडे माहिती अर्धी होती, म्हणजे ज्यांच्याकडून उरलेली मिळण्याची आशा होती नेमके तेच लोक. पोस्टमन दारात येऊन ३६ रुपये मागतो तेव्हा सत्तरीतल्या बाईला वाटतं काहीतरी फसवाफसवी आहे, घरातली तरुण मंडळी म्हणतात घेऊ नका परत पाठवा. पूर्वी नॉटपेड, म्हणजे कमी तिकीट लावलेलं, पत्र आलं की लोक घाबरून का होईना घ्यायचे, वाईट बातमी असेल म्हणून. आता कोण घेणार? आणि घेणाऱ्याने नाकारलं की पाकीट पाठवणाऱ्याकडे परत येतं आणि ते पैसे पाठवणाऱ्याने भरायचे. १८९८ च्या टपाल कायद्यात हे स्पष्ट होतं. २०२३ चा नवीन कायदा आला, त्यातली जुनी बरीच शिक्षेची कलमं गेली, पण न भरलेली रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते ही तरतूद आहे. काकांनी हे वाचलं आणि जमिनीच्या कागदांवर आयुष्य घालवलेल्या माणसाला "महसुलाची थकबाकी" म्हणजे काय ते जास्तच चांगलं कळतं, त्यामुळे त्यांनी परत आलेलं एकूण एक पाकीट स्वतःच्या पेन्शनमधून सोडवलं. आम्हाला कोणाला सांगितलं नाही. काकूंनी सांगितलं, तेही बऱ्याच उशिरा.

त्यानंतरचा मोठा धक्का १८ डिसेंबर २०२४ चा. त्या दिवशी पोस्टाच्या काउंटरवरून पुस्तकांसाठीचं रजिस्टर्ड बुकपोस्ट बंद झालं, आधी गाजावाजा काही नाही, लोक पुस्तकं घेऊन गेले तेव्हा कळलं. छोट्या प्रकाशकांनी तेव्हा खूप लिहिलं त्याबद्दल, ५ किलोचा गठ्ठा ८० रुपयात जायचा तो दोनशेच्या वर गेला. आपल्याला त्याची झळ अशी बसली की त्रैमासिकाला थोडेफार पैसे मिळायचे ते जुन्या अंकांच्या संचातून आणि दोन-तीन घराण्यांनी ठेवायला दिलेल्या कुलवृत्तांतांच्या विक्रीतून. कुलवृत्तांत म्हणजे जाडजूड ठोकळा असतो, किलोभर वजन सहज भरतं. ते पाठवायचा खर्च इतका वाढला की घेणाऱ्यांनी हात आखडता घेतला. मग १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट सुरू झालं, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांपासून ५ किलोला १०० पर्यंत, हे चांगलं झालं, पुस्तकांचा प्रश्न बराच सुटला. पण त्यात ठराविक काळाने निघणारी नियतकालिकं चालत नाहीत, आणि जाहिराती असलेलंही चालत नाही. आणि आपल्या अंकात मधल्या पानावर स्मरणार्थ चौकटी असतात, एखाद्या खानावळीची, एखाद्या सराफाची छोटी जाहिरात असते, त्याच पैशातून कागद येतो. जाहिरात काढा तर कागद नाही, आणि काढली तरी नियतकालिकाला ही सवलत नाहीच. मग त्याच वर्षी रजिस्टर पोस्टच स्पीड पोस्टात विलीन झालं. मूळ कागद, एखादी सनद, एखादा महजर (जुना निवाडापत्राचा कागद) काकांना पाहायला पाठवायचा तर लोक रजिस्टर एडीने पाठवायचे, पोचपावतीचं ते कार्ड परत आलं की जीव भांड्यात पडायचा. तोही खर्च आता वाढला.

काहीजण म्हणतील की मग पीडीएफ काढा ना. मी स्वतः हे काकांना सुचवलं होतं आणि आपण पीडीएफ काढतोही, परदेशातल्या वर्गणीदारांना तीच जाते. पण पीडीएफ नातवाच्या मोबाईलवर येते. नातू ती पुढे ढकलतो किंवा ढकलत नाही. अंक घरात येऊन टीपॉयवर पडला की दुपारी जेवण झाल्यावर आजी तो चाळतात, "अगं हे आडनाव तर आपल्या शेजारच्या जोश्यांच्या सुनेच्या माहेरचं" असं म्हणतात आणि पेन्सिल शोधतात. ज्या लोकांकडे माहिती आहे त्यांच्यापर्यंत कागदच पोचतो, आणि त्या लोकांची पिढी आता फार दिवस थांबणार नाहीये. दहा वर्षांनी टपाल फुकट झालं तरी तेव्हा विचारायला कोणी नसेल.

मला इथे थोडं बाजूला जाऊन एक सांगायचंय कारण ते या अंकाबद्दलच्या माझ्या ओढीचं खरं कारण आहे. छापलेले कुलवृत्तांत बहुतेक कोणाचे आहेत? ज्यांच्या घरात लेखणी होती त्यांचे. देशपांडे, कुलकर्णी, इनामदार, ज्यांना वतनं होती आणि ती टिकवायला कागद लागायचे. इंग्रजांनी १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन नेमलं तेव्हा इनाम राखायचं तर वंशावळ आणि कैफियत दाखल करायला लागली, त्यामुळे त्या घराण्यांची झाडं पुण्याच्या पुराभिलेखागारात आयती मिळतात. बाकीच्यांचं काय? कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागात हेळवी येतात, सुगी झाली की बैल घेऊन दारात, आणि कुणब्या-मराठ्यांच्या, धनगरांच्या घरासमोर उभं राहून त्यांच्या पिढ्या म्हणून दाखवतात, नवीन जन्मलेल्या पोराचं नाव वहीत चढवतात आणि धान्य घेऊन जातात. त्र्यंबकेश्वरला, नाशिकला उपाध्यायांच्या वह्यांमध्ये यात्रेला आलेल्या सगळ्या जातींच्या माणसांची नावं आहेत, गाव, बाप, भाऊ सगळं. हे सगळं काकांच्या त्रैमासिकाने पहिल्यापासून वंशावळीचं साधन म्हणून छापलं, कुलवृत्तांताच्या बरोबरीने, एकाच पानावर. हेळव्यांच्या वहीतून उतरवलेली एका मेंढपाळ घराण्याची वंशावळ मी पहिल्यांदा याच अंकात बघितली.

आणि २०२३ मध्ये जेव्हा निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती कुणबी नोंदी शोधायला लागली तेव्हा अचानक गावोगाव वंशावळ हा जगण्याचा प्रश्न झाला. कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ च्या जन्ममृत्यूच्या रजिस्टरात, पणजोबांपुढे कुणबी लिहिलेलं सापडतं, पण तो पणजोबा आपलाच हे दाखवायला मधल्या पिढ्या जोडाव्या लागतात, आणि नोंद असते मोडीत. त्या काळात काकांकडे रोज माणसं यायची, शेतकरी, पोरं, हातात मोबाईलवर काढलेले अंधुक फोटो. काका वाचून द्यायचे, एक पैसा घेतला नाही. "शोध" सदरात तेव्हा नुसती अशीच पत्रं होती. त्यातल्या बऱ्याच जणांनी पुढे वर्गणीही घेतली, आणि आज नॉटपेडच्या घोळात जे वर्गणीदार आपण गमावतोय त्यात तेच जास्त आहेत, कारण त्यांचे फॉर्म अर्धवट होते, त्यांच्याच पाकिटांत लाल शाई होती. हे मला फार लागतं.

आता उपाय, ज्यासाठी हे सगळं लिहिलं.

पोस्टात वर्तमानपत्रांसाठी वेगळी नोंदणी असते आणि त्याचा दर ऐकून माझा विश्वास बसला नव्हता, ५० ग्रॅमपर्यंतच्या एका अंकाला २५ पैसे. मुंबईतल्या अनेक मासिकांच्या मागे "पत्रिका चॅनल सॉर्टिंग ऑफिस" आणि महिन्याची ठरलेली तारीख छापलेली असते ना, ती हीच व्यवस्था. ज्ञातींची, संस्थांची कितीतरी मासिकं याच दराने जातात. पण त्याच्या अटी आहेत. दोन अंकांमध्ये ३१ दिवसांपेक्षा जास्त अंतर नको, म्हणजे त्रैमासिक बसतच नाही. अंकात बातम्या, चालू विषय हवेत. आणि खऱ्याखुऱ्या वर्गणीदारांची यादी हवी, फुकट वाटलेल्या प्रती दाखवून चालत नाही. या अटी १८९८ च्या कायद्यापासूनच्या.

अमेरिकेतही नियतकालिकांच्या सवलतीच्या टपालाला असंच आहे, १८७९ पासूनचा कायदा, अर्ध्याहून जास्त प्रती पैसे भरणाऱ्या किंवा स्वतःहून मागवणाऱ्या वाचकांकडे जायला पाहिजेत, आणि दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत खप किती, त्यातला वर्गणीचा किती याचं निवेदन पोस्टाकडे द्यायचं आणि अंकात छापायचं. तिकडे वंशावळीचा छंद केवढा मोठा आहे, तरीसुद्धा युटा राज्यातल्या लोगन गावातून १९४७ पासून निघणारं, हजारो लोकांच्या शोधाच्या जाहिराती छापणारं एक नियतकालिक २००९ मध्ये बंद पडलं. इतका मोठा वाचकवर्ग असलेल्या देशात हे होतं तर आपण निर्धास्त राहून कसं चालेल?

म्हणून वर्गणी म्हणजे काकांना मदत असं समजू नका. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर आहे. आत्तापर्यंत आपल्यातले निम्म्याहून जास्त लोक अंक फुकट वाचत आलेत, कोणाचा तरी घेऊन, फोटो काढून, आणि काका कधी काही म्हणाले नाहीत, उलट भेट म्हणून पाठवत राहिले. त्यांच्या मोठ्या मनामुळेच आज यादी लंगडी आहे. वाचणारे भरपूर आणि वर्गणीदार थोडे असं असेल तर सवलतीसाठी दाखवायला आपल्याकडे काहीच नाही. तुमचं नाव, पूर्ण पत्ता, पिन आणि भरलेली वर्गणी, हा आता कागदोपत्री पुरावा आहे.

काका त्रैमासिकाचं मासिक करायला तयार आहेत. ३२ मोठ्या पानांऐवजी दर महिन्याला १६ छोटी पानं, वजन ५० ग्रॅमच्या बरंच आत. संमेलनं, मोडीचे वर्ग, पुराभिलेखागारातल्या नवीन सोयी, नोंदींबद्दलचे शासन निर्णय, या बातम्या दर महिन्याला असतातच. आधी नियतकालिक म्हणून नोंदणी करायची, ती आता नियतकालिकांच्या २०२३ च्या नवीन कायद्याखाली प्रेस सेवा पोर्टलवर ऑनलाइन होते, मग पोस्टाची. फॉर्म वेगळा काढायचा नाही, अंकाच्याच पानावर छापायचा, आणि लाल शाईचे प्रश्न पूर्ण बंद. ज्याला वैयक्तिक विचारायचंय त्याला वेगळं पोस्टकार्ड टाकायचं, ५० पैशात अजूनही जातं. काकांना ही लाल शाई सोडायला जड गेलं, पण त्यांनी मान्य केलं.

अडचण माणसांची आहे. महिन्याचा अंक म्हणजे तीन महिन्यांची धावपळ एका महिन्यात, आणि पोस्टिंगची तारीख ठरली की ती पाळायलाच लागते, "काकूंना बरं नव्हतं" हे तिथे चालत नाही. ज्यांना टायपिंग येतं त्यांनी फॉर्मवरची माहिती टाईप करून द्या. ज्यांना मोडी येतं त्यांनी महिन्यातून एखादा कागद वाचून द्या, सगळा भार एका माणसाच्या डोळ्यांवर नको, त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. सीए किंवा वकील कोणी असाल तर नोंदणीचे कागद बघा. आणि पत्ते. पत्त्यांची यादी भयंकर अवस्थेत आहे, कित्येक ठिकाणी पिनकोड नाही किंवा चुकलेला आहे. १९७२ मध्ये हा पिनकोड ज्यांनी बसवला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी माणूस, संस्कृतचे कवी, एकाच नावाची दहा गावं असलेल्या या देशात पत्र नेमक्या गावी पोचावं म्हणून त्यांनी ते केलं. आणि एकाच नावाचे दहा पूर्वज वेगळे काढत बसणाऱ्या आपल्या मंडळींच्या यादीत पिनकोडच नाहीत, हे काही बरोबर नाही. ही यादी दोन रविवारी बसलो तर नीट होईल.

मासिकाची नोंदणी होईपर्यंत मधे दोन तरी अंक जुन्याच पद्धतीने काढावे लागतील, आणि त्यांच्यासाठी आम्ही ठरवलंय की शक्य तितक्या प्रती पोस्टात टाकायच्याच नाहीत. शहरवार गठ्ठे करायचे, कोणी त्या गावी जाणारं असेल त्याच्याकडे द्यायचे, आणि तिथल्या एकाने स्कूटरवरून घरोघरी पोचवायचे. पहिल्या वेळी डोंबिवली आणि ठाण्यात हे केलं तर एक अनपेक्षित फायदा झाला, अंक द्यायला गेलेल्या मुलीला एका आजींनी बसवून घेतलं, चहा दिला आणि तिच्या हातात १९३० च्या सुमाराची एक वही ठेवली, आहेरांची यादी, कोणी काय दिलं, नात्यासकट. शंभराच्या वर माणसं, कोण कोणाचं कोण ते लिहिलेलं. पोस्टाने ही वही कधीच आली नसती हेही तितकंच खरं.

परत आलेल्या पाकिटांचे काकांनी भरलेले पैसे त्यांना परत द्यायचे असं आम्ही काही जणांनी ठरवलंय. ते घेणार नाहीत हे माहीत आहे, म्हणून ती रक्कम काकूंकडे देणार आणि त्यातून त्याच परत आलेल्या पत्त्यांवर अंक पुन्हा पाठवणार, या वेळी पूर्ण तिकीट लावून, सोबत पोस्टमनला काही द्यायचं नाही असं मोठ्या अक्षरात लिहून. ज्यांना त्यात भर घालायची असेल त्यांनी जरूर घाला, पण आधी स्वतःची वर्गणी भरा, ती यादीत दिसायला हवी.

पुणे, नाशिक, कोल्हापूर, बेळगाव आणि मडगावसाठी गठ्ठे नेणारे मिळालेत. सांगलीचं एका एसटी कंडक्टरने आपणहून घेतलंय, त्यांचंच घराणं आम्ही दोन वर्षांपूर्वी जुळवलं होतं. नागपूर, अकोला, बडोदा आणि इंदूरला अजून कोणी नाहीये. दिवाळीनंतर तिकडे लग्नाकार्याला जाणारं कोणी असेल तर बॅगेत तीन-चार किलोची जागा ठेवा आणि मला कळवा, पत्ते लिहून, गठ्ठा बांधून मी स्टेशनवर आणून देईन.